दिव्या देशमुखचे डाव लीचेसवर बघा, फुकट आहे आणि जबरदस्त आहे

दिव्याने 28 जुलै 2025 ला बातुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जलद डावांत, हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप घेतला हे आता शेंबड्या पोरालाही माहितीये, पण तो घेतला कसा हे ज्याला खरंच बघायचंय त्याने लीचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ उघडावं. एक पैसा लागत नाही, जाहिराती नाहीत, कुठलंही फीचर प्रीमियमच्या कुलुपात ठेवलेलं नाही. फ्रान्समधली ना-नफा संस्था देणग्यांवर हे सगळं चालवते. आणि नुसता डाव बघायचा तर अकाउंटसुद्धा नको.

ब्रॉडकास्ट म्हणजे स्पर्धांचे डाव दाखवणाऱ्या विभागात जायचं, स्पर्धा शोधायची, राउंड उघडायचा की डाव समोर. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक चालीला किती वेळ उरला होता तेही दिसतं, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं तेच आहे. सेमीफायनलचंच बघा, समोर तान झोंगयी, म्हणजे माजी वर्ल्ड चॅम्पियन, पहिला डाव बरोबरीत आणि दुसरा दिव्याने काढला तो 101 चालींत! बातमीत येतं "दीड-अर्धा असा विजय" आणि विषय संपला. इथे तुम्ही चाल-चाल पुढे नेता तेव्हा कळतं की चाळिसाव्या चालीनंतर अर्धा तास वाढून मिळतो, नंतर मात्र चालीमागे मिळणाऱ्या 30 सेकंदांवर भागवायचं, आणि एवढ्यात मोजून-मापून खेळत बसायचं तासन् तास, एक चूक झाली की सगळी मेहनत पाण्यात. प्रोफेशनल खेळाडूचं काम म्हणजे काय असतं ते असं दिसतं.

फायनल तर आवर्जून बघाच. दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे डाव बरोबरीत, टायब्रेकचा पहिला रॅपिड, म्हणजे जलद डावही बरोबरीत, आणि मग दुसरा रॅपिड, 15 मिनिटं अधिक चालीमागे 10 सेकंद, दिव्याकडे काळी मोहरी. हम्पीसारखी खेळाडू, जी दोनदा रॅपिडची वर्ल्ड चॅम्पियन झालीये, 2019 ला आणि 2024 ला, तिला रॅपिडमध्येच काळ्याने हरवायचं म्हणजे खायचं काम नाही. एकीचं वय 19, दुसरीचं 38.

एक सांगतो, पहिल्यांदा बघताना इंजिन, म्हणजे चालींचं विश्लेषण करणारा प्रोग्राम, बंद ठेवा. कोण वरचढ आहे ते दाखवणारी त्याची बाजूची पट्टी वर-खाली होत राहते आणि आपण पटाकडे न बघता तिच्याकडेच बघत बसतो, मग ग्रँडमास्टरची चालही आपल्याला चुकीची वाटायला लागते. आधी स्वतः डोकं चालवा, मग इंजिन लावा. त्याहून भारी म्हणजे स्टडी, लीचेसवरची आपली अभ्यासाची वही. डावाचा पीजीएन (चालींची फाइल) डाउनलोड करून स्वतःच्या स्टडीत चॅप्टर म्हणून टाकायचा आणि 'पुढच्या चाली लपवा' वाला मोड निवडायचा. मग चाल दिसतच नाही, दिव्याच्या जागी बसून तुम्ही शोधायची आणि मग पुढे जाऊन बघायचं तिने काय केलं. घरात बुद्धिबळ शिकणारी मुलगी असेल तर तिच्यासोबत हे कराच, नुसते पझल सोडवण्यापेक्षा मला हे खूप वरचं वाटतं.

लीचेसवर खेळाडूचं फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) पेज पण आहे, तिथे रेटिंग आणि ब्रॉडकास्ट झालेल्या स्पर्धा एकत्र मिळतात, फॉलोही करता येतं. म्हणजे करिअर सलग बघता येतं, 2024 ला गांधीनगरला ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन 11 पैकी 10 गुण घेऊन, त्याच वर्षी बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये टीमचं आणि स्वतःच्या बोर्डाचं, म्हणजे वैयक्तिकही गोल्ड, आणि मग बातुमी, जिथे जाताना तिच्याकडे जीएमचा, म्हणजे ग्रँडमास्टर किताबाचा, एकही नॉर्म (त्यासाठी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी) नव्हता आणि परत येताना थेट ग्रँडमास्टर, भारताची 88 वी, महिलांमध्ये हम्पी, हरिका, वैशालीनंतर चौथी. नागपूरची पोरगी! अभिमान वाटायलाच पाहिजे.

मर्यादा आहेत. हम्पी 2002 ला ग्रँडमास्टर झाली, तेव्हा हे संकेतस्थळच नव्हतं, त्यामुळे तिचा तो काळ ब्रॉडकास्टमध्ये मिळणार नाही, जुने पीजीएन बाहेरून आणून टाकावे लागतात. अगदी नवशिक्याला नुसत्या चाली बघून कारणं कळणार नाहीत, त्यांनी सोबत एखादी कॉमेंटरी लावावी. आणि पटामागची गणितं पटावर दिसत नाहीत, म्हणजे प्रवास, कोच, स्पॉन्सर, बक्षिसातला फरक, 2025 च्या महिला वर्ल्ड कपला पहिलं बक्षीस 50 हजार डॉलर आणि त्याच वर्षीच्या ओपन, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या वर्ल्ड कपला 1 लाख 20 हजार. ते वाचायला दुसरीकडेच जावं लागतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. सुरुवात कुठून करायची असेल तर बातुमीची सेमीफायनल, तानविरुद्धचा दुसरा डाव, आणि किमान एक तास हाताशी ठेवून बसा.