कट आणि ऑक: जिनिंगच्या काट्यावर एक कापूस हंगाम वापरून

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये मी काट्याचा हिशेब बघतो. दिवाळीनंतर फाटकाबाहेर ट्रॅक्टर, मेटॅडोर, छोटा हत्ती यांची रांग लागली की ती होळीपर्यंत हटत नाही. काट्याचं सॉफ्टवेअर रोज रात्री एक टेक्स्ट फाइल टाकतं. पावती नंबर, तारीख, गाडी नंबर, गाव, भरगाडी, रिकामी गाडी आणि निव्वळ, सगळं किलोत. स्प्रेडशीटमध्ये हंगामभराची फाइल उघडायला आमचा जुना पीसी फार रडवायचा, म्हणून त्यावर उबुंटू (लिनक्स) टाकलं आणि टेक्स्ट फाइलमधले रकाने वेगळे काढणाऱ्या कट, ऑक या कमांडवर आलो. आता हंगाम संपलाय, तेव्हा लिहितो.

कट एका संध्याकाळीत येतो. मायनस डीला विभाजक, म्हणजे रकाने वेगळे करणारं चिन्ह सांगा, मायनस एफला रकान्याचा नंबर द्या, झालं. वेगही चांगला. पण तो हट्टी आहे. तिसरा रकाना आधी आणि पहिला नंतर मागितला तरी तो पहिला-तिसराच देणार. विभाजक एकच अक्षर चालतं, आणि लागोपाठ चार स्पेस आल्या तर मधले रकाने रिकामे धरून चालतो. रकाने सरळ करायला काट्याच्या सॉफ्टवेअरनं स्पेसच भरलेल्या, त्यामुळे आधी टीआर या अक्षरं बदलणाऱ्या-उडवणाऱ्या कमांडच्या मायनस एसनं त्या एकेक कराव्या लागायच्या. शेवटून मोजणं त्याला जमतच नाही.

आणि आमच्याकडे शेवटून मोजल्याशिवाय भागत नाही. कारण गावांची नावं. वडनेर, अल्लीपूर ठीक, पण ‘सिंदी रेल्वे’ किंवा ‘शेकापूर बाई’ आलं की एका गावाचे दोन रकाने होतात आणि भरगाडीच्या जागी ‘रेल्वे’ येऊन बसतं. ऑक इथे कामाला येतो. त्यात एनएफ म्हणजे त्या ओळीत एकूण किती रकाने. डॉलर एनएफ म्हटलं की शेवटचा, म्हणजे निव्वळ; एनएफ वजा एक म्हणजे रिकामी गाडी. गावाचं नाव कितीही लांब असो, वजनं जागेवरच सापडतात. हंगामात मी सगळ्यात जास्त वापरलं ते हेच.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. काट्याचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या टोकाला कॅरेज रिटर्न नावाचं, ओळीच्या सुरुवातीला परत नेणारं न दिसणारं अक्षर चिकटलेलं असतं, आणि ते शेवटच्या रकान्यात जातं. आधी निव्वळ आणि मग गाडी नंबर छापायला सांगा, टर्मिनलवर गाडी नंबर ओळीच्या सुरुवातीला जाऊन वजनावरच चढतो. बेरीज बरोबर येते, छापील मात्र गिचमिड. ऑकच्या आधी टीआरनं ते अक्षर उडवलं की संपलं.

गावनिहाय बेरजेसाठी शेवटून मोजून पुरत नाही, कारण गाव मधे आहे. तिथे जीऑकची, म्हणजे ऑकच्याच जीएनयू आवृत्तीची फील्डविड्थ्स सोय घेतली: पहिला रकाना इतक्या अक्षरांचा, दुसरा इतक्या, असं सांगून टाकायचं. मग एका ओळीत काम होतं. गावाला किल्ली धर, म्हणजे गावागणिक वेगळी बेरीज ठेव, निव्वळ त्यात मिळवत जा, शेवटी शंभरानं भागून क्विंटल छाप. गाडी नंबरची पहिली चार अक्षरं किल्ली धरली तर एमएच ३२ वर्ध्याच्या किती, एमएच २९ यवतमाळच्या किती, एमएच ३४ चंद्रपूरच्या किती, हेही लगेच. आमचे दिवाणजी आधी म्हणायचे, “काहून बे, या काळ्या पडद्यावर तुले दिसते तरी काय?” आता गावाचा आकडा पाहिजे असला की तेच खुर्ची ओढून बसतात.

चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशांची फाइल मात्र डोकेदुखी. बँकेतून येते ती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने विभागलेली, आणि रक्कम अवतरणचिन्हांत, लाखाच्या स्वल्पविरामांसकट: १,२५,०००. विभाजक स्वल्पविराम दिला तर एका रकमेचे तीन तुकडे. जीऑक ५.३ पासून सीएसव्हीचा पर्याय आलाय, त्यानं रकाना अखंड येतो. पण बेरजेआधी आतले स्वल्पविराम काढा, नाहीतर सव्वा लाखाचा एक रुपया होतो आणि ऑक चकार शब्द काढत नाही. उबुंटूत मुळात एमऑक ही ऑकची दुसरी आवृत्ती येते, म्हणून जीऑक वेगळा टाकून घ्या. ऑक १९७७ मध्ये बेल लॅब्समध्ये अहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांनी लिहिला. सीएसव्ही नीट वाचायची सोय यायला २०२३ उजाडलं. उशीरच म्हणायचा.

मराठीबद्दल. मुनीमजींची नोंदवही मराठीत टाइप केलेली असते, आकडेही मराठी. ऑकच्या लेखी मराठी ‘१२’ म्हणजे शून्य. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडच्या वाय आज्ञेनं दहाही आकडे बदलून घेतल्यावरच बेरीज येते. कटच्या मायनस सीनं, म्हणजे अक्षरं मोजून, मराठी नाव कापायला जाऊ नका. माझ्या उबुंटूतला कट अक्षर न मोजता बाइट मोजतो, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रासुद्धा तीन बाइटची. नावाच्या शेवटी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह येतं.

ज्यांची फाइल टॅबनं किंवा उभ्या रेघेनं नीट विभागलेली आहे त्यांना कट पुरेसा आहे, ऑकच्या मागे लागू नका. ज्यांच्याकडे काट्यासारखी स्पेसवाली फाइल आहे त्यांनी थेट ऑकच शिकावा. शक्य असेल तर सॉफ्टवेअरवाल्याला गाठून विभाजक उभी रेघ करून घ्या. आमच्याकडे ते अजून ‘करून देतो’वरच अडलंय.

छापताना जीऑकचा प्रिंटएफ (ठरावीक रुंदीत छापायची आज्ञा) मात्रांना वेगळं अक्षर धरतो, त्यामुळे मराठी नावांनंतरचे आकडे पुढेमागे सरकतात. म्हणून मी आकडे आधी छापतो आणि गावाचं नाव ओळीच्या शेवटी ठेवतो. दिवाणजींना ते उलटं वाटतं, पण रकाने सरळ येतात.