जुना ऑइलवाला कॉम्प्रेसर दुरुस्त करावा की नवा ऑइल-फ्री घ्यावा?

घरचा हवेचा कॉम्प्रेसर बिघडला की हल्ली कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं, सोडून द्या तो जुना, ऑइल-फ्री घ्या. ऑइलची लेव्हल बघायची कटकट नाही, उचलायला हलका, हवेत तेल येत नाही. हे सगळं खरंच आहे. तरी मी माझा बेल्टवाला जुनाच ठेवला, का ते सांगतो, तुमचं काम वेगळं असेल तर तुम्ही खुशाल उलटा निर्णय घ्या.

आधी जुन्याचं दुखणं. टाकी रिकामी असली की मोटर झकास सुरू व्हायची, प्रेशर पूर्ण झालं की बंद पण व्हायची, पण हवा वापरून प्रेशर उतरलं आणि परत सुरू व्हायची वेळ आली की नुसती घुं घुं करायची आणि ओव्हरलोड (जास्त ताण आला की मोटर तोडणारा स्विच) उडायचा. ही खूण महत्त्वाची आहे. रिकाम्या टाकीलाही घुमत असेल तर आधी मोटरला सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटर बघा, आणि लांबलचक बारीक एक्स्टेंशन वायर लावली असेल तर ती काढून थेट सॉकेटवर लावून बघा. पण रिकाम्याला चालते आणि भरलेल्याला अडते म्हणजे बहुतेक वेळा पिस्टनच्या डोक्यावर हवा अडकून बसलेली असते. मोटर बंद होताना प्रेशर स्विचपाशी फुस्स होतं ना, ती हेडपासून (पिस्टनच्या वरचं झाकण) टाकीपर्यंतच्या पाइपातली हवा सुटते, पुढच्या वेळी मोटरला मोकळं सुरू होता यावं म्हणून. फुस्स झालंच नाही तर अनलोडर, म्हणजे ही हवा सोडणारा छोटा व्हॉल्व, अडकलाय. फुस्स होऊन पुढेही हवा तिथून येतच राहिली तर टाकीच्या तोंडाशी बसवलेला एनआरव्ही (हवा टाकीत जाऊ देणारा पण मागे न येऊ देणारा व्हॉल्व) हवा धरत नाहीये. माझ्याकडे हेच होतं, मागून टाकी रेटतेय आणि सुटायला भोक एवढंसं, मग पाइपातलं प्रेशर उतरणार कसं.

प्लग काढला, टाकी पूर्ण रिकामी केली (काटा शून्यावर आल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, यात घाई नको), एनआरव्ही उघडला तर आतल्या छोट्या चकतीवर काळ्या कार्बनचा कडक थर, आणि चकती जिथे टेकते त्या सीटला एका बाजूने चरा पडलेला. नुसता साफ करूनही काही दिवस चालला असता कदाचित, पण चरा दिसल्यावर मी नवाच बसवला. एनआरव्हीच्या तिन्ही तोंडांचे आटे जुन्याशी जुळवून घ्यायचे, बाकी यात अवघड काही नाही. मग प्रेशर भरून प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा नाही, काम संपलं.

आता ऑइल-फ्री. पार्ट येईपर्यंत मित्राचा 24 लिटरचा वापरला. टायरमध्ये हवा भरणं, धूळ उडवणं, लहान खिळ्यांची नेलर चालवणं यात त्याला नाव ठेवायला जागा नाही. थंडीत लगेच सुरू होतो, गाडीत आडवा पडला तरी तेल सांडायची भीती नाही. आवाज मात्र कानात घुसतो, कमी आरपीएमवाले शांत ऑइल-फ्री पण मिळतात, त्यामुळे फक्त आवाजावरून मी कोणाला नाही म्हणणार नाही.

माझा निर्णय झाला तो रंगाच्या कामात. गंमत बघा, रंगासाठी तर सगळे ऑइल-फ्रीच घ्या म्हणतात, कारण हवेतून तेल आलं तर रंग फाटतो, गोल गोल डोळे पडतात. पण स्प्रे गनला सलग भरपूर हवा लागते, टाकी छोटी, त्यामुळे मोटर थांबायचं नावच घेत नव्हती. कपाटाचं दार अर्धं मारून झालं आणि मशीन गरम होऊन बंद. थर्मल कटआउट, थंड झाल्याशिवाय सुरू होत नाही. तोवर मारलेल्या रंगाची कड सुकायला लागते, नंतर पुढचा हात मारला की दाराच्या मधोमध जोड दिसतो. त्याआधीच प्रेशर पडल्यामुळे शेवटचे हात संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत आलेले. पॉलिश पेपर घेऊन अख्खं दार परत घासा. असं झाल्यावर तेलाचा थेंब आला नाही याचं मला काय समाधान?

जुन्याचा पंप बेल्टवर हळू फिरतो, फ्लायव्हीलचा वारा हेडवर येत राहतो, टाकी मोठी. त्याच आकाराचं दार तो मध्ये न थांबता काढतो, निदान माझ्या अनुभवात तरी. तेलाचं म्हणाल तर पिस्टन रिंग चांगल्या असतील तर येतं तेच मुळात कमी, ते आणि पाणी दोन्हीसाठी मी गनच्या आधी फिल्टर लावतो आणि काम झालं की टाकीखालचा नळ उघडतो. फिल्टरमध्ये तेल दिसायला लागलं किंवा ऑइल भराभर कमी व्हायला लागलं तर रिंग गेल्या समजायचं, तेव्हा खर्चाचा हिशोब वेगळा होईल हे मान्य.

ऑइल-फ्रीच्या टेफ्लॉन रिंगही झिजतातच, टाकी भरायला वेळ लागायला लागतो आणि मग मोटर आपोआप बंद होते त्या प्रेशरपर्यंत काटा पोचतच नाही. त्यामुळे घ्यायचाच असेल तर रिंग आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) सुटी मिळते का हे आधी विचारा, काही मॉडेलला अख्खा पंपच बदलायला सांगतात.

फक्त हवा भरायची असेल आणि मशीन सारखं इकडून तिकडे न्यावं लागत असेल तर ऑइल-फ्री घ्या, मी अडवणार नाही. रंग, ग्राइंडर, सलग चालणारं काही असेल तर आधी जुन्याचा एनआरव्ही, अनलोडर, कपॅसिटर आणि हेडची व्हॉल्व प्लेट (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या पात्यांची पट्टी) एवढं तपासा. एका बाबतीत मात्र जुन्याचा मोह नको, टाकी तळाला आतून गंजून पाझरत असेल तर तिला वेल्डिंग करून परत प्रेशर भरू नका, ती टाकी बाद. पंप आणि मोटर चांगली असेल तर ती नव्या टाकीवर चढवता येते, मी तरी तेव्हाही तेच करेन.