घराचं डिझाईन करून घेतलं, आठ महिने राहून मग लिहितेय

डिझायनरसोबतच्या पहिल्या मीटिंगमध्ये टाइल्स, रंग काहीच नाही, तुम्ही उठता कधी, भांडण झालं की कोण कुठे जाऊन बसतं असले प्रश्न, मला तेव्हा कळेना हे का विचारतायत पण पुढचं सगळं त्यावरच ठरलं. मुलीची खोली पूर्वेला घेतली, सकाळचा उजेड मिळाला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं, आणि खरंच ती आता अलार्मशिवाय उठते. संशोधक रॉजर उलरिचचा १९८४ चा अभ्यास डिझायनरनेच सांगितला, खिडकीतून झाडं दिसणारे ऑपरेशनचे पेशंट भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते, म्हणून माझं टेबल झाडासमोर.

सगळ्यात भारी जिन्याखालचा कोपरा!! एक गादी, एक दिवा, पुस्तकांच्या दोन फळ्या, बस. कधी पुस्तक हातात न धरणारा नवरा रोज तिथे अर्धा तास वाचतो, गादीला त्याच्या पाठीचा खळगा पडलाय.

आवाजाचं मात्र चुकलंच. अभ्यासाच्या खोलीला पोकळ दरवाजा दिला, हॉलमधल्या टीव्हीचा शब्दन् शब्द ऐकू येतो, दोनदा सांगूनही बदलला नाही. तुम्ही काम देणार असाल तर भरीव दरवाजा आणि खालच्या फटीला रबर पट्टी, आधीच लिहून घ्या.