पद्मिनी रोज चालवायची असेल तर आधी फ्युएल पंपाचं बघा

मागच्या आठवड्यात स्पेअर पार्टच्या एका दुकानदाराशी माझं कडाक्याचं वाजलं. त्याने 'कंपनीचा जुना स्टॉक, हात न लागलेला' असं सांगून प्रीमियर पद्मिनीचा फ्युएल पंप दिला होता. पंपाचा पडदा दोन महिनेसुद्धा टिकला नाही. परत घेऊन गेले तर म्हणे, "ताई, एकदा बसवलेला माल आम्ही घेत नाही." पंप तिथेच काउंटरवर खोलून दाखवला. रबरी पडदा फुगून त्याला सुरकुत्या पडल्या होत्या, कडेने पेट्रोल पाझरत होतं. माल खरोखरच जुना होता, आणि त्यातच सगळं आलं. आता पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल त्या काळच्या रबराने कधी पाहिलेलंच नाही.

गाडी घेऊन वर्ष होत आलं. कोथरूड ते भोसरी, कामाच्या दिवशी जाऊन-येऊन, पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही बघून झाले. संग्रही ठेवण्यासारखी आणि तरी रोज चालेल अशी छोटी जुनी गाडी शोधणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. रविवारी सकाळी एक चक्कर मारून कव्हर घालणाऱ्यांचा मामला वेगळा.

निवड करताना डोळ्यांसमोर चार गाड्या होत्या. मनातली पहिली म्हणजे १९५०च्या दशकातली डुक्कर फियाट. पण पन्नास वर्षांवरची गाडी घेताना तिची नोंदणी कोणत्या प्रकारात आहे ते आधी तपासा. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवलेली, 'व्हीए' मालिकेचा नंबर असलेली गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. ऑफिसला नेता येत नाही. विकणारे हे आपणहून सांगत नाहीत. दुसरी स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासला बनायची. देखणी आहे, पण एक दिवा फुटला तर तो शोधण्यात महिना जाईल. तिसरी डिसेंबर १९८३ ला आलेली पहिली मारुती ८००. रोजच्या वापराला या चौघींत तीच सगळ्यात शहाणी, हे मी आजही म्हणेन. इंजिनाचं सामान मिळतं. पण १९८६ मध्ये बॉडी बदलली, त्यामुळे त्या पहिल्या मॉडेलच्या काचा, दिवे, बंपर नंतरच्या गाडीचे बसत नाहीत, आणि ते सुस्थितीत असलेली गाडी मालक सहसा सोडत नाहीत.

उरली पद्मिनी. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११००च्या नावाने सुरू झालेली ही गाडी पस्तीस वर्षांहून जास्त काळ जवळपास त्याच सांगाड्यावर निघाली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे तिचं सामान गल्लोगल्ली बनत राहिलं. माझा सगळा हिशोब या एका गोष्टीवर होता. शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तरी क्लच प्लेट, ब्रेकचे सिलेंडर, सायलेन्सर आजही नाना पेठेत मागितल्याबरोबर मिळतात. गाडी १९८६ ची, तीन अक्षरी जुन्या नंबरची, दोन लाखांच्या आत पडली. त्यावर आता नवी हाय सिक्युरिटी पाटी बसली आहे. नियम आहे, त्याला इलाज नाही.

चालवायला गाडी गोड आहे. खांब बारीक, काचा मोठ्या, त्यामुळे विद्यापीठ चौकात चारी बाजूंचं नीट दिसतं. स्टिअरिंगवरचा गिअर आठवड्यात हाताला बसतो. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी सोय, नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका. पुढचा अखंड सीट माझ्या आईला इतका आवडला की ती घरच्या नव्या गाडीत बसायला नाराज असते. ॲव्हरेज मला शहरात अकरा-बाराच्या आसपास मिळतं.

आता पंपाकडे येते, कारण या गाडीत बाकी सगळं निभावतं, हा एक भाग निभावत नाही.

मूळ पंप इंजिनालाच बसवलेला असतो, कॅमशाफ्टवर चालतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना पाइपातला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. त्यात इंजिनाची धग. एप्रिलमध्ये दुपारी नाशिक फाट्याच्या पुलाखाली सिग्नलला गाडी बंद पडली. बॉनेट उघडलं तर पारदर्शक फिल्टरमध्ये पेट्रोल नव्हतंच, नुसते बुडबुडे सरकत होते. पंपाला बोट लागलं तसं झटक्यात मागे घेतलं. नॅपकिन बाटलीतल्या पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळला, वाफ निघाली, दहा मिनिटं थांबले, मग सेल्फला गाडी चालू झाली. टॅक्सीवाले वर्षानुवर्षं हेच करत आले. पण मागे बसेसची रांग लागलेली असताना हे रोज करायचं नसतं.

व्हेपर लॉकची, म्हणजे नळीत वाफ धरून पेट्रोल अडण्याची, ही खोड जुनीच, इथेनॉलने ती वाढवली. पेट्रोलमधलं त्याचं प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २०. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमधल्या हलक्या भागांबरोबर मिसळलं की ते मिश्रण त्याहून कमी तापमानाला वाफाळतं. शिवाय ते जुनं रबर फुगवतं, आणि टाकीत चाळीस वर्षांचा बसलेला गंज-चिकटा सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं, तो वेगळाच ताप. शंभर ऑक्टेनचं, इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळतं, पण साध्याच्या दीडपट भावाने रोज भरायला मला परवडत नाही.

दिवाळीच्या सुमारास मला कोणी विचारलं असतं तर मी ठामपणे सांगितलं असतं की संग्रहाच्या गाडीला इलेक्ट्रिक पंप लावू नये, मूळ रचना जपावी. ते मत आता राहिलेलं नाही. माझे मिस्त्री मुंबईत टॅक्स्यांची कामं करून पुण्यात आलेले. ते म्हणाले, "ताई, जुना पंप आहे तिथेच राहू द्या, ब्रॅकेटसकट. उद्या कुणाला ओरिजिनल हवी असली तर दोन नळ्या बदलायच्या, झालं." तसंच केलं. कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवला. तो पेट्रोल मागून ढकलतो, त्यामुळे लाइनमध्ये दाब राहतो आणि वाफ धरत नाही. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावू नका. कार्ब्युरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, अडीच-तीन पीएसआय दाब पुरतो, इंजेक्शनचा पंप त्याच्या दहापट आणि वर दाब देतो, कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई उचलली जाते आणि पेट्रोल इंजिनावर वाहतं. दुसरं, पंपाची वायर थेट इग्निशनला न जोडता रिले आणि ऑइल प्रेशर स्विचमधून (इंजिनात तेलाचा दाब असेल तरच चालू राहणारा) घ्या, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडलं तर पंपही बंद पडेल. हा खर्च दोन-तीनशे रुपयांचा आहे आणि बरेच गॅरेजवाले तो वाचवायला सांगतात. ऐकू नका.

सगळ्या नळ्या व्हिटॉनच्या, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घातल्या, टाकी उतरवून आतून साफ केली, सोलेक्स कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र, एक नंबर मोठा टाकला, कारण इथेनॉलमधल्या ऑक्सिजनमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. पुढचा सबंध मे महिना गाडी एकदाही उन्हात अडकली नाही. खंबाटकीच्या घाटातही नाही, आणि त्या दिवशी आम्ही पाच माणसं सामानासकट साताऱ्याला निघालो होतो.

पंपाखालोखाल जीव अडकतो ब्रेकात. चारही चाकांना ड्रम आहेत, खड्ड्यातल्या पाण्यातून गेलं की पहिला ब्रेक एका बाजूला खेचतो. पुढच्या गाडीशी अंतर ठेवायची सवय लावून घ्यावी लागते, आणि पुण्यात ते अंतर दुचाकीवाले भरून काढतात. पावसाळ्यात मी चिखल, पाणी असलं की हलका ब्रेक दाबून थोडं अंतर चालवते, लायनर कोरडे होतात.

पैशांचं म्हणाल, तर वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे, पाच वर्षांसाठी. पर्यावरण कर वेगळा. गाडीची किंमत ठरवताना कागद कधी संपतात ते बघा आणि ही रक्कम मालकाकडून कमी करून घ्या. पंप, नळ्या, टाकी यासाठीही वीसेक हजार बाजूला ठेवूनच बोलणी करा. फरशीचा पत्रा गालिचा उचलून पाहा, विशेषतः ड्रायव्हरच्या पायाखाली.

त्या दुकानदाराकडून पैसे काही मिळाले नाहीत. पण माझ्या मागे उभा असलेला एक मुलगा तसलाच पंप विचारत होता. त्याला मी बाहेर नेऊन पडदा दाखवला, आणि त्याने तो न घेता व्हिटॉनची नळी घेतली.