एलायझा की आरटी-पीसीआर? तृणधान्यांच्या विषाणूंसाठी चाचणी निवडताना

तृणधान्यातला विषाणू नुसत्या नजरेने ओळखायला जाणं धोक्याचं. जवावरचा यलो ड्वार्फ हा विषाणूजन्य रोग असो, नत्राची कमतरता असो की मुळाशी तुंबलेलं पाणी, पानं पिवळी पडतात आणि वाढ खुंटते. चाचणी तर लागणारच. कोणती, एवढंच ठरवायचं.

नमुने शेकड्यांनी असतील आणि विषाणू कोणता याचा बऱ्यापैकी अंदाज असेल, तर माझं मत एलायझाला, म्हणजे विषाणूला चिकटणाऱ्या प्रथिनांनी (प्रतिपिंडांनी) त्याला पकडून रंगाने दाखवणाऱ्या चाचणीला. १९७७ पासून ती वनस्पतींच्या विषाणूंसाठी वापरात आली आणि अजून टिकून आहे, कारण ९६ खाचांच्या एका प्लेटवर डझनांनी नमुने बसतात. पान बफरमध्ये वाटून रस खाचेत घालायचा, शेवटी पिवळा रंग आला की ४०५ नॅनोमीटरवर वाचन घ्यायचं. खरी गोम पुढे आहे. निरोगी झाडाच्या वाचनाच्या दुप्पट-तिप्पट आकडा आला की नमुना बाधित धरतात; पण ते निरोगी झाड त्याच पिकाचं, जमल्यास त्याच वाणाचं आणि वयाचं हवं. तिथे चालढकल केली की अख्खी प्लेट वाया. शिवाय ज्याची प्रतिपिंडं तुमच्याकडे नाहीत, तो विषाणू प्लेटवर दिसणारच नाही.

विषाणू अगदी थोडा असेल किंवा जवळचे प्रकार वेगळे करायचे असतील, तर आरटी-पीसीआर, म्हणजे आरएनएचं आधी डीएनएत रूपांतर (ही आरटीची पायरी) आणि मग त्याच्या असंख्य प्रती काढणं (ही पीसीआर). खर्च आणि हातकौशल्य दोन्ही जास्त लागतात, आणि पानातले काही घटक अभिक्रियाच अडवतात. भाताच्या टुंग्रोत एक मजा आहे: रोग दोन विषाणूंचा. लक्षणं मुख्यतः डीएनए असलेल्या विषाणूमुळे दिसतात. तुडतुड्यांमार्फत त्याचा प्रसार मात्र आरएनए असलेल्या जोडीदाराच्या मदतीने होतो. पहिल्याला साधी पीसीआर पुरते. आरटीची पायरी गाळली, तर दुसरा हाती लागत नाही.

बांधावर मिनिटांत उत्तर हवं असेल तर पट्टी चाचणी, अर्थात त्या विषाणूसाठी ती मिळत असेल तरच. लॅम्प ही पीसीआरसारखीच प्रती वाढवणारी चाचणी, पण ती ६०-६५ अंश सेल्सिअसच्या एकाच तापमानावर चालते, तापमान वर-खाली करणारं यंत्र (थर्मल सायकलर) लागत नाही. मात्र अभिक्रियेनंतर नळी उघडली की पुढचे सगळे नमुने दूषित व्हायची भीती.

काहीच अंदाज नसेल तेव्हा सिक्वेन्सिंग, म्हणजे नमुन्यातल्या डीएनए-आरएनएचा क्रमच वाचणं. केनियात २०११ मध्ये मक्याचं पीक सुकू लागलं, त्यामागेही दोन विषाणूंची जोडी होती: मक्याचा क्लोरोटिक मॉटल आणि उसाचा मोझॅक. फक्त मोझॅकची चाचणी करणाऱ्याला ‘बाधित’ असं उत्तर मिळालं असतं आणि शोध तिथेच थांबला असता.

कोणतीही चाचणी घ्या, नमुना नीट घ्या. यलो ड्वार्फचा विषाणू रसवाहिन्यांतच राहतो, म्हणून पानाच्या वाळक्या टोकापेक्षा मध्यशीर आणि खोडाला लपेटलेला पर्णकोष कापलेला बरा. आरएनए तपासायचा असेल, तर तुकडे लगेच बर्फात.