प्रश्नात रुपया आहे की गाव? रोजगार-उत्पन्नाच्या अभ्यासासाठी जनगणना की पीएलएफएस

समाजगटांमधली रोजगाराची आणि कमाईची तफावत हा प्रबंधासाठी हमखास निवडला जाणारा विषय. शीर्षकात ‘जनगणनेच्या आधारे’ असे शब्दही घातले जातात. विषय मंजूर झाल्यावर लक्षात येतं की भारताच्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्नच नाही. अमेरिकेतले शोधनिबंध वाचून आलेल्यांची इथे विशेष फसगत होते. तिथे २००० पर्यंत जनगणनेची लांब प्रश्नावली कमाई विचारत असे, आणि २००५ पासून ते काम अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे करतो. आपल्याकडे कमाईसाठी जावं लागतं ते राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाकडे, म्हणजे पीएलएफएसकडे.

म्हणून निवड करताना पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: माझ्या प्रश्नात रुपया आहे की गाव? रुपया असेल तर जनगणना बाद. तालुका, गाव किंवा शहरातला वॉर्ड असेल तर पीएलएफएस बाद. दोन्ही असतील तर प्रश्न लहान करावा लागेल, आणि तो मार्गदर्शकांनी करायला लावण्याआधी आपणच केलेला बरा.

आता जनगणनेत नेमकं काय मिळतं ते पाहू. गेल्या वर्षभरात काम केलं का, केलं असेल तर सहा महिने भरले का, हा तिचा मूळ प्रश्न. सहा महिने भरले तर ‘मुख्य’, नाहीतर ‘सीमांतिक’. २०११ मध्ये सीमांतिकांचेही तीन महिन्यांहून कमी आणि तीन ते सहा महिने असे दोन भाग केले. त्यापुढे चार खाती: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. गावपातळीच्या तक्त्यात या ‘इतर’मध्ये शिक्षक, गवंडी, दुकानदार आणि रिक्षाचालक एकत्र बसतात. जनगणनेच्या बी मालिकेच्या, म्हणजे काम करणाऱ्यांबद्दलच्या तक्त्यांत त्यांची उद्योगनिहाय फोड आहे, पण ती पाहायची तर गाव सोडून जिल्ह्यावर यावं लागतं.

तरीही जनगणनेचं बळ मोठं आहे. १२१ कोटींची मोजणी, नमुना नाही. एखाद्या आदिवासी तालुक्यात सीमांतिक काम करणाऱ्यांचं प्रमाण किती, ते २००१ ते २०११ मध्ये कसं बदललं, हे आणखी कुठेही मिळणार नाही. फक्त मोजणी झाली कधी हे विसरू नये. २०११ ची प्रगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात. प्रगणनेच्या पूर्ण काळात घराबाहेर असलेली व्यक्ती जिथे असेल तिथे मोजायची, असा नियम. बीडमधून ऊसतोडीला गेलेलं कुटुंब त्या काळात परतलं नसेल, तर ते कारखान्याच्या तळावर मोजलं जाणार. बीडच्या एखाद्या गावातले शेतमजूर कमी दिसले की आधी हे तपासावं, मग सिद्धांत मांडावा.

दुसरी मर्यादा जास्त बोचते. व्यक्तिगत नोंदी खुल्या नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार त्या गोपनीय आहेत. कार्यालयानं जे तक्ते केले तेवढेच आपले. अनुसूचित जातीच्या पदवीधर स्त्रियांपैकी किती जणी कुठल्या व्यवसायात, असा तिहेरी छेद हवा असेल आणि तसा तक्ता नसेल, तर विषय तिथेच संपतो. मग लोक एक पळवाट काढतात: ज्या गावांत अनुसूचित जमातीची लोकसंख्या जास्त तिथे शेतमजूरही जास्त, सबब जमातीचे लोकच शेतमजूर. हा निष्कर्ष गावांबद्दल खरा असू शकतो, माणसांबद्दल नाही. त्या गावातले शेतमजूर नेमके कोण, हे तो तक्ता सांगत नाही.

पीएलएफएसचं उलट आहे. त्याच्या व्यक्तिगत नोंदी नावं-पत्ते वगळून कुणालाही उतरवून घेता येतात, आणि हवा तसा छेद आपण घेऊ शकतो. शिक्षण, उद्योग, व्यवसाय, धर्म, अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, इतर, सगळं एका ओळीत. नोकरीला लेखी करार आहे का, पगारी रजा मिळते का, हेही. गटांमधल्या तफावतीचा अभ्यास करणाऱ्याला मला यातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं. पगाराचा आकडा सांगताना माणूस हातचं राखतो. करार आहे की नाही हे सांगताना सहसा राखत नाही.

कमाईच्या रकान्यात मात्र तीन वेगवेगळी मापं आहेत. नियमित पगारदारांची मागच्या कॅलेंडर महिन्याची, स्वयंरोजगारातल्यांची गेल्या ३० दिवसांची, आणि रोजंदारीवाल्यांची गेल्या सात दिवसांतल्या रोजांची. शेतकऱ्याला त्याच्या ३० दिवसांबद्दल विचारलं तर सोयाबीन विकल्याचा महिना आणि पेरणीचा महिना यांत जमीन-अस्मानाचा फरक पडणार. घरच्या धंद्यात विनामोबदला राबणाऱ्या बाईच्या नावावर तर कमाई चढतच नाही. तेव्हा गटाची ‘सरासरी कमाई’ असा एकच आकडा काढू नये. पगारदारांची पगारदारांशी तुलना करावी, रोजंदारीची रोजंदारीशी, आणि स्वयंरोजगाराबद्दल जपून बोलावं.

दोन्हीकडचे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडण्याचा मोह तर टाळावाच. २०११ च्या जनगणनेत स्त्रियांचा कामातला सहभाग २५.५ टक्के, २०२३-२४ च्या पीएलएफएसमध्ये श्रमबलातला सहभाग ४१.७ टक्के. यावरून ‘बारा वर्षांत सोळा टक्क्यांची झेप’ असं लिहिलं तर चूक एका ओळीत तीनदा होते. पहिली टक्केवारी स्त्रियांच्या संपूर्ण लोकसंख्येतली, तान्ह्या मुलींसह. दुसरी फक्त १५ वर्षं आणि त्यापुढच्या स्त्रियांमधली. शिवाय श्रमबलात काम शोधणाऱ्याही धरतात, आणि कामाची व्याख्याही वेगळी. पीएलएफएसची मालिका स्वतःशीच जुळवली तरी २०१७-१८ चे २३.३ टक्के ते ४१.७ ही वाढ मोठीच आहे. तिच्यात घरच्या शेतीतला आणि धंद्यातला स्वयंरोजगार किती, हा वादाचा खरा मुद्दा.

नमुन्याचा आकार हा पीएलएफएसचा कच्चा दुवा. २०२४ पर्यंत दरवर्षी साधारण एक लाख कुटुंबं. राज्यापर्यंत ठीक, जिल्ह्याला पातळ. जानेवारी २०२५ पासून आराखडा बदलला, नमुना वाढला, मासिक अंदाज यायला लागले आणि बहुतांश ठिकाणी जिल्हा हा निवडीचा मूळ घटक झाला. तरी ‘नंदुरबारमधल्या अनुसूचित जमातीच्या पगारदार स्त्रिया’ असा छेद घेऊन पाहा. हाताशी किती नोंदी उरतात ते मोजल्याशिवाय सरासरी छापू नका. आणि भारांक, म्हणजे नमुन्यातली प्रत्येक नोंद किती लोकांसाठी उभी आहे तो आकडा, न लावता काढलेली टक्केवारी म्हणजे नुसती नमुन्याची टक्केवारी; राज्याबद्दल ती काही सांगत नाही.

गटाच्या व्याख्येकडे फार कमी लोक पाहतात, आणि महाराष्ट्रात तर तिथेच घोळ होतो. १९८१ मध्ये राज्यात अनुसूचित जातींचं प्रमाण सुमारे ७ टक्के होतं, १९९१ मध्ये ११ टक्के झालं. एवढे जन्म झाले नव्हते. १९९० च्या दुरुस्तीनं नवबौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झाला. त्याआधी १९७६ च्या कायद्यानं जमातींवरची क्षेत्रमर्यादा, म्हणजे ठरावीक भागात राहणाऱ्यांनाच जमात मानण्याची अट, उठली आणि १९७१ ते १९८१ मध्ये राज्यातली जमातींची नोंद जवळपास दुप्पट झाली. म्हणजे १९८१ ची ‘अनुसूचित जाती’ आणि १९९१ ची ‘अनुसूचित जाती’ हे एकच लोक नाहीत. साक्षरता आणि रोजगार यांची दीर्घ तुलना करणारे कितीतरी लेख या पायरीवर अडखळतात आणि त्यांना पत्ताही नसतो. इतर मागासवर्गाचा तर जनगणनेत २०११ पर्यंत रकानाच नाही. पीएलएफएसमध्ये आहे, पण भटक्या-विमुक्तांचा वेगळा कोड तिथेही नाही.

बाकीचे पर्याय थोडक्यात. कुटुंबाचं सर्व स्रोतांतलं उत्पन्न हवं असेल तर एनसीएईआर ही आर्थिक संशोधन संस्था आणि मेरीलँड विद्यापीठ यांचं इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे बघा. २००४-०५ आणि २०११-१२ च्या दोन्ही फेऱ्यांत चाळीस हजारांहून जास्त कुटुंबं आहेत, आणि बरीचशी तीच. शेती, मजुरी, पगार, पाठवलेले पैसे, सगळं विचारलेलं आहे. जुनं आहे, पण गट आणि उत्पन्न यांच्यासाठी मला अजून तेच भरवशाचं वाटतं. २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणनेत ग्रामीण कुटुंबातल्या सर्वाधिक कमावत्या सदस्याची मिळकत फक्त तीन पट्ट्यांत नोंदवली: पाच हजारांच्या आत, पाच ते दहा, दहाच्या वर. जवळपास तीन-चतुर्थांश कुटुंबं पहिल्याच पट्टीत गेली, त्यामुळे आतला फरक दिसेनासा झाला. जातीचे आकडे प्रसिद्धच झाले नाहीत.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आणि जातनिहाय आहे. पण तिच्या तक्त्यांसाठी प्रबंध थांबवणं शहाणपणाचं नाही. यंदा सादर करायचं असेल तर माझी शिफारस अशी: प्रश्न कमाईचा आणि गटांचा असेल तर राज्यपातळीवर थांबा आणि पीएलएफएस घ्या, दोन-तीन वर्षांच्या फेऱ्या एकत्र करून. प्रश्न एखाद्या जिल्ह्यातल्या गावांचा असेल तर २०११ ची जनगणना घ्या, शीर्षकातून ‘उत्पन्न’ काढून टाका आणि ‘रोजगाराचं स्वरूप’ लिहा. राज्याची सरासरी मजुरी गावातल्या शेतमजुरांच्या संख्येला गुणून गावाचं उत्पन्न काढण्याची युक्ती कुणी सुचवली, तर ती फारतर निर्देशांक म्हणून वापरा आणि तसं त्याच पानावर लिहा.