समुद्री गोगलगायींचे सहा रविवार आणि एक चुकलेली ओहोटी

नाशिकहून समुद्र गाठायचा म्हणजे कसारा घाट उतरून दीडशेहून अधिक किलोमीटर जावे लागते. त्यामुळे गंगापूर रोडवरील एका खासगी अभ्यासकेंद्राने समुद्री गोगलगायींचे (इंग्रजीत सी स्लग, बहुतांशी शंख नसलेल्या सागरी गोगलगायी) वर्गीकरण आणि त्यांची उत्क्रांती या विषयावर सहा रविवारांचा वर्ग जाहीर केला, तेव्हा आमच्या शिक्षककक्षात पहिला प्रश्न आला तो, "मॅडम, त्या रामकुंडात सापडणार का?" मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मृदुकाय प्राण्यांचे प्रकरण दरवर्षी दोन तासांत उरकते आणि उरकताना दरवर्षी थोडे अपराधीही वाटते, म्हणून पाच हजार दोनशे रुपये भरून नाव नोंदवले. पुढे काही तक्रारी मांडायच्या असल्याने केंद्राचे नाव येथे देत नाही.

पहिल्या रविवारी टेबलावर समुद्रातले काहीच नव्हते. पावसाळ्यात नाशिकच्या कोणत्याही कुंडीखाली सापडते तशी साधी शंखाची गोगलगाय, मद्यार्कात ठेवलेली, प्रत्येकाच्या ताटलीत एक. तिच्या तोंडाजवळचा मांसल गोळा कापून काढायचा, कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात ठेवायचा आणि मांस विरघळण्याची वाट पाहायची, एवढेच त्या दिवशीचे काम होते. तासाभराने माझ्या काचेच्या वाटीत तळाशी एक पिवळसर, पारदर्शक फीत उरली. सुईने ती काचपट्टीवर पसरवताना दोनदा गुंडाळली गेली. तिसऱ्यांदा सपाट बसली आणि सूक्ष्मदर्शकाखाली दातांच्या रांगांवर रांगा दिसल्या, अगदी लोहाराच्या कानशीसारख्या. हिलाच रॅड्युला म्हणतात. वीस वर्षे ही आकृती मी फळ्यावर काढत आले. प्रत्यक्ष फीत त्या दिवशी प्रथमच पाहिली. पैसे तिथेच वसूल झाले, असे म्हटले तरी चालेल.

त्यानंतर समुद्री जातींच्या तयार काचपट्ट्या आल्या आणि या फितीला वर्गीकरणात इतके महत्त्व का, ते उलगडू लागले. स्पंज (खडकांना चिकटून राहणारे साधे समुद्री प्राणी) खाणाऱ्या अनेक डोरिड गोगलगायींची, म्हणजे पाठीवर मागे कल्ल्यांचा झुबका असणाऱ्यांची, रॅड्युला रुंद असते आणि एकेका रांगेत पुष्कळ दात असतात. शैवालाचा रस शोषणाऱ्या सॅकोग्लॉसा गटात मात्र प्रत्येक रांगेत एकच दात असतो. तो शैवालाच्या पेशीत सुरीसारखा खुपसला जातो आणि झिजलेले दात टाकून न देता एका छोट्या पिशवीत साठवले जातात. गटाचे 'पिशवीची जीभ' अशा अर्थाचे नाव त्यावरूनच पडले. फिलिडिया आणि डेंड्रोडोरिस या डोरिडांना तर रॅड्युलाच नसते. त्या स्पंजाचा मऊ भाग शोषून घेतात. म्हणजे दात पाहून खाणे कळते, पण नाते कळेलच असे नाही, कारण एकसारखे खाणे खाणाऱ्यांचे दात वेगवेगळ्या कुळांतही सारखे होऊ शकतात. शिकवणाऱ्या सरांनी ही शंका दुसऱ्याच रविवारी पेरली आणि पाचव्या रविवारपर्यंत तिचे उत्तर दिले नाही. शिकवण्याची ही पद्धत मला फार आवडली, जरी मागच्या बाकावरच्या दोघा-तिघांना ती मुळीच रुचली नाही.

इतिहासाचे व्याख्यान चांगले होते, पण घाईचे. लिनीयसने 1758 मध्ये डोरिस हे नाव दिले, कुव्हिएने 1817 मध्ये उघड्या कल्ल्यांच्या गोगलगायींचा न्यूडिब्रँकिया हा गट केला आणि मिल्न-एडवर्ड्सने 1848 मध्ये कल्ले हृदयाच्या मागे असणाऱ्या गोगलगायींना ओपिस्थोब्रँकिया या एका छपराखाली आणले, एवढा पट पाऊण तासात संपला. त्यातही बर्थेलिनियाच्या गोष्टीसाठी सरांनी वेळ काढला, हे बरे झाले. एकोणिसाव्या शतकात जीवाश्म शिंपले पाहून हिला शिंपल्यांच्या वर्गात, म्हणजे दोन झडपांच्या प्राण्यांत, बसवण्यात आले होते. 1959 मध्ये जपानमध्ये हिच्या कुळातला जिवंत प्राणी हाती आला, तेव्हा त्या दोन झडपांच्या मधून चक्क गोगलगायीचे डोके बाहेर आलेले दिसले. ती सॅकोग्लॉसा निघाली. केवळ कवच पाहून ठरवलेले कूळ किती फसवे असू शकते, यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, आणि यंदापासून ते माझ्या वर्गात सांगितले जाणार आहे.

रंगाचीही तीच गत. क्रोमोडोरिस या प्रजातीतील निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या गोगलगायी छायाचित्रांत एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटतात. 2012 मध्ये जनुकांच्या आधारे या कुळाची फेरमांडणी झाली तेव्हा जुन्या क्रोमोडोरिसमधील कित्येक जाती गोनिओब्रँकस आणि फेलिमिडा अशा इतर प्रजातींत हलवाव्या लागल्या, आणि 2018 च्या एका अभ्यासात एकाच जातीतही रंगनक्षी बदलू शकते, असे आढळले. (येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. वर्गात 'जाती' आणि 'प्रजाती' हे शब्द दर दहा मिनिटांनी अदलाबदल होत होते. मराठी विश्वकोशातील रूढ वापरानुसार प्रजाती म्हणजे अनेक जातींचा समूह. वर्तमानपत्रांनी मात्र प्रत्येक जातीलाच प्रजाती करून टाकले आहे. वर्गीकरणाच्याच वर्गात तरी एक वापर ठरवून घ्यायला हवा होता.)

पाचवा रविवार या वर्गाचा कळस होता. सकाळी प्रत्येक गटाला बारा प्राण्यांची रंगीत छायाचित्रे देऊन केवळ दिसण्यावरून वंशवृक्ष काढायला सांगितले. आम्ही अर्थातच सगळ्या बिनशंखाच्या गोगलगायी एका फांदीवर आणि शंखाच्या दुसऱ्या फांदीवर ठेवल्या. दुपारी त्याच बारांचे जनुकीय अनुक्रम (डीएनएतील अक्षरांचा क्रम) सार्वजनिक साठ्यातून उतरवून घेतले. सुरुवात सुमारे साडेसहाशे अक्षरांच्या सीओआय या जनुकखंडापासून झाली, जो जाती ओळखण्यासाठी सर्रास वापरला जातो. त्यावरून निघालेल्या वृक्षात जवळच्या जाती नीट जोडल्या गेल्या, पण खोलवरच्या फांद्या कुठच्या कुठे गेल्या. हा खंड इतक्या वेगाने बदलतो की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या फुटीची खूण त्यात पुसली जाते, हे सरांनी त्या बिघडलेल्या वृक्षावरच बोट ठेवून दाखवले. मग संथ बदलणाऱ्या 18एस आणि 28एस या खंडांची जोड दिली, आणि वृक्षात जिथे फांद्या फुटतात त्या प्रत्येक गाठीशेजारी तिच्या विश्वासार्हतेचा आकडा कसा वाचायचा, तेही सांगितले.

नव्या वृक्षात आमच्या सकाळच्या मांडणीचा चुराडा झाला. हिरव्या पानासारखी दिसणारी एलिसिया, जी शैवालातील हरितलवके स्वतःच्या शरीरात राखून ठेवते, ती रंगीबेरंगी डोरिडांपासून दूर जाऊन आमच्या पहिल्या रविवारच्या कुंडीतल्या गोगलगायीशेजारी बसली. समुद्री ससा म्हणून ओळखली जाणारी ॲप्लिसियासुद्धा त्याच मोठ्या शाखेवर होती. उलट न्यूडिब्रँक मंडळींच्या जवळ कोण आले, तर रिंगिक्युला नावाची, वाळूत राहणारी, काही मिलिमीटरांची आणि पूर्ण शंख असलेली गोगलगाय. हे नाते 2016 मध्ये प्रसिद्ध झाले आहे, हे सरांनी वृक्ष निघाल्यावर सांगितले, आधी नाही. शंख टाकून देण्याची क्रिया एकदाच नव्हे, तर वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडली आणि म्हणून 'समुद्री गोगलगाय' हे एका कुळाचे नाव नसून राहणीचे नाव आहे, हा या वर्गाचा गाभा. तो व्याख्यानात ऐकणे वेगळे आणि आपल्याच हाताने मांडलेली फांदी आपल्याच डोळ्यांसमोर मोडताना पाहणे वेगळे.

आता सहलीविषयी. शेवटच्या रविवारी मुंबईच्या एका खडकाळ किनाऱ्यावर प्रत्यक्ष निरीक्षण ठेवले होते, त्याचे भाडे वेगळे. आयोजकांनी भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ पाहिली होती. ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास होती, पंचवटी एक्स्प्रेसने गेल्यास नेमकी सापडणारी. त्यांनी तिथी मात्र पाहिली नाही. ती अष्टमी होती. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ओहोटीचे पाणी तक्त्यातल्या शून्य पातळीच्या वर साधारण पाऊण मीटर उरेपर्यंत खाली जाते, तर अष्टमीच्या सुमारास, ज्याला किनाऱ्यावरचे लोक भांग म्हणतात, ते पावणेदोन मीटरच्या आसपासच थांबते. म्हणजे ज्या डबक्यांत आणि कपारींत या गोगलगायी सापडाव्यात, ती सगळी पाण्याखाली. गुडघाभर पाण्यात तास-दीड तास फिरून आमच्या तुकडीला काही खेकडे, समुद्रफुले आणि प्लास्टिकच्या पिशव्या दिसल्या. अडचण अशी की उधाणाच्या दिवसांत मुंबईची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. त्यासाठी आदल्या रात्री निघावे लागते किंवा रात्री उशिरा परतावे लागते. तसे आधी सांगितले असते तर निम्म्याहून अधिक जण तयार झाले असते, असे गाडीत परतताना बोलण्यातून कळले. दिलगिरी व्यक्त झाली, पण भाड्याचे पैसे परत मिळाले नाहीत.

वर्गात मिळालेल्या टिपणवहीबद्दलही नाराजी आहे. सर ज्या ओपिस्थोब्रँकियाला वर्गात मोडीत काढत होते, तो वहीच्या चौथ्या पानावर अजून एकसंध गट म्हणून छापलेला आहे. हा गट एका वंशाचा नाही, हे 2010-11 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारले आहे. इतक्या वर्षांत एक पान बदलता आले असते. त्याहून खटकले ते हे की उदाहरणे सगळी ऑस्ट्रेलिया आणि भूमध्य समुद्रातील. ब्रिटिश अधिकारी वॉल्टर इलियट यांनी भारताच्या पूर्व किनाऱ्यावर जमवलेल्या न्यूडिब्रँकांचे वर्णन ऑल्डर आणि हॅनकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञांनी 1864 मध्येच प्रसिद्ध केले होते आणि त्यातल्या एका प्रजातीला कलिंग किनाऱ्यावरून 'कलिंगा' हे नाव आहे. तेव्हा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) असलेले डॉ. दीपक आपटे यांची लक्षद्वीपवरील सूची 2009 मधली आहे. यातले काहीच वहीत नाही.

तरीही ज्यांना पदवीपर्यंतचे प्राणिशास्त्र आठवते, किंवा जे शिकवतात, त्यांनी हा वर्ग जरूर करावा; पाचव्या रविवारसाठी मी पुन्हा पैसे भरेन. शाळकरी मुलांना पाठवू नये, कारण दुपारचे संगणकाचे काम त्यांना झेपणार नाही, आणि आमच्या तुकडीतला आठवीतला एक मुलगा तिसऱ्या रविवारनंतर आलाच नाही. सूक्ष्मदर्शक तिघांत एक आहे, तेव्हा लवकर जाऊन खिडकीजवळची जागा धरावी. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. नाव नोंदवताना सहलीची तारीख विचारून घ्यावी, घरी येऊन कालनिर्णयात तिथी पाहावी, आणि अष्टमीच्या आसपासची निघाली तर पैसे भरण्याआधीच बदलून मागावी.